टेपचं पहिलं टोक

लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे काय, हे आमच्या सोनपेठमध्ये समजावून सांगण्याचा नाद मी फार लवकर सोडला. 'बागेचं शिक्षण' एवढं म्हटलं की भागायचं. त्यावर आत्या विचारायची, "बाग लावायला पुण्याला जावं लागतंय व्हय?" मी हसून चहा प्यायचे. आर्किटेक्चर झाल्यावर आणखी दोन वर्षं हे शिकायचं ठरवलं, तेव्हा नातेवाइकांनी पगार विचारला. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "तुला आवडतंय का?" त्या एका प्रश्नासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी प्रत्येकाला एक जागा निवडायची होती. वर्गातल्यांनी नदीकाठ घेतले, किल्ले घेतले. मी आमच्या गावातली लिंगायत समाजाची स्मशानभूमी घेतली. तिथं सावली नाही, पाणी साचतं, लोकांना थांबायला जागा नाही, असं मी प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. मी नववीत असताना आई गेली. आमच्या गावात बायका-मुली फाटकापाशीच थांबतात. आत्यानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. रीतीप्रमाणं बसवून नेलेली आई फाटकातून आत जाताना मी फक्त पाठमोरी पाहिली. तिला कुठं ठेवलं ते मला कधी कुणी दाखवलं नाही. मला ती जागा बघायची होती.

सरांनी माझ्या कच्च्या कागदावर समाध्यांसाठी लांबट आयत काढून दिले. मी ते खोडून लहान चौकोन काढले आणि म्हटलं, "सर, आमच्यात माणसाला बसवून माती देतात." ते म्हणाले, "म्हणजे हे काम तूच करायला पाहिजे." दुसरे कुणी असते तर त्यांनी मला एखादी सोयीची जागा घ्यायला लावली असती. असे सर मिळायलाही नशीब लागतं.

अडचण घरीच होती. दिवाळीच्या सुट्टीत मी विषय काढला, तर आत्यानं कपाळावर हात मारला. "इतकी वर्सं शिकली अन् आता मसनवाट्यात बाग लावायली."

अप्पा चिडले नाहीत, पण नाही म्हणाले. "जित्या माणसाचं काय काम तिथं? अन् लेकीबाळी आत जात न्हाईत."

मी नकाशे दाखवले, फोटो दाखवले, पाण्याच्या निचऱ्यावर भाषण दिलं. आमचं कापडाचं दुकान आहे. अप्पा ठाणाच्या घड्या घालत राहिले. चार दिवस असेच गेले. सुट्टी संपत आली आणि माझा धीर सुटला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी सरळ म्हणाले, "अप्पा, निचरा राहू द्या. मला आईची जागा बघायचीय." त्यांचे हात थांबले. मग ते पुन्हा घडी घालू लागले. मी घरी आले आणि रागारागानं बॅग भरायला घेतली. आता दुसरी जागा शोधावी लागणार, अशी माझी खात्री झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दाराशी उभे होते. "चल. ऊन व्हायच्या आत." आत्या काहीतरी बोलायला गेली, तर म्हणाले, "समाजातल्या मोठ्या माणसांला रातीच इचारून आलोय." नाही म्हणणाऱ्या माणसानं रात्री दारोदार जाऊन माझ्यासाठी शब्द टाकला होता.

फाटकाच्या आत माझं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. आत बाभळी, एक मोठा कडुलिंब, काही बांधलेल्या समाध्या आणि बाकी सगळी मोकळी माती. मी आणलेल्या मोजणीच्या टेपचं टोक अप्पांनी हातात घेतलं. आयुष्यभर कापड मोजलेला माणूस तो. म्हणाले, "कुठून मोजायचं?"

"जे हलणार नाही, तिथून सुरुवात करायची. आमच्या कामात फाटकाचा खांब धरतात."

"खांब तर ट्रॅक्टर लागून वाकलाय," ते म्हणाले आणि चालू लागले. लिंबाच्या अलीकडं थांबले. तिथं दगड नव्हता, खूण नव्हती. त्यांनी चपला काढल्या, खाली वाकले आणि टेपचं टोक मातीवर टेकवून धरलं.

"हितून मोज. तुझी आई हाय हितं."

मी चप्पल काढायचंही विसरले. उभ्या उभ्या रडले. अप्पा वाकलेलेच होते, टोक त्यांनी सोडलं नाही. मग मी डोळे पुसले आणि लिंबापर्यंतचं पहिलं अंतर मोजलं. लिंब, बाभळी, हातपंप, फाटक, त्या जागेतलं सगळं काही मी आईपासून मोजलं. पुढं आराखड्यात सगळ्यात मोठी सावली फाटकाबाहेर दिली, बायका थांबतात तिथं. आणि आत जायला त्यांच्यासाठी एक पायवाटही दिली.

वर्षाअखेरीला कॉलेजात प्रदर्शन लागलं. अप्पा परभणी गाठून तिथून रेल्वेनं पुण्याला आले, इस्त्रीचा सदरा घालून. परीक्षकांनी मला विचारलं होतं, मोजणीचा मूळ बिंदू फाटकापाशी का नाही? मी म्हटलं, "वडिलांनी टेप तिथं धरला होता." अप्पांना नकाशा वाचता येत नाही, म्हणून मी समजावून सांगायला पुढं झाले. त्यांनी हातानंच थांबवलं. फाटकावर बोट ठेवलं, पायवाटेनं सरकवत नेलं आणि लिंबाच्या अलीकडं, त्या बारीक ठिपक्यावर आणून थांबवलं.

भोवती पोरंपोरी, पालक, फोटो काढणारे. अप्पांनी त्या गर्दीत चपला काढून बाजूला ठेवल्या. या वेळी मी विसरले नाही. मीही काढल्या.