औक्षणाचं ताट
विझल्या वातीचा वास आला की मला लोणारचा तो महिला मेळावा आठवतो. आमच्या बचत गटाची अध्यक्ष विधवा. गावातल्या आम्हा वीसजणींना तिनंच गोळा करून नेलं होतं. पाहुण्या बाई आल्या तशी ती औक्षणाचं ताट घेऊन पुढे झाली. मेळावा भरवणाऱ्या बाई माझ्या कानाशी लागल्या, "तुमी घ्या न ताट. त्यायले काऊन पुढं केलं?" मी घेतलं. "धर, वारं हाये, वात जप," एवढंच ती बोलली. मग बाईच्या सन्मानावर भाषणं झाली आणि टाळ्या मीही वाजवल्या, चांगल्या जोरात. यंदा माझा नवरा वारला. परवाच्या मेळाव्यात औक्षणाच्या वेळी मी आपली आपण मागे जाऊन बसले. ती तिथं आधीच होती. तिनं सरकून जागा दिली.