‘सी यू ऑन मंडे’ या वाक्याचा कायदेशीर अर्थ

इंग्रजी मी उलट्या टोकाकडून शिकलो, हे प्रथमच नमूद करतो. ‘वॉटर’ हा शब्द जिभेवर बसण्यापूर्वी ‘हिअरइनआफ्टर’ माझ्या हातात बसला होता. गोवा मुक्त झाला, कचेऱ्यांतून पोर्तुगीज गेली, तिच्या खुर्चीवर इंग्रजी येऊन बसली आणि पेडण्यातला माझ्यासारखा मराठी शाळेत शिकलेला माणूस पुन्हा दाराबाहेरच राहिला. आमचे मराठी अर्ज ‘भाषांतरासाठी’ पडून राहत. तेव्हा म्हापशाच्या बाजारातून नमुन्याच्या अर्जांचे पुस्तक आणून मी ते पाठ केले. ‘आय हॅव द ऑनर टू स्टेट’ हे लिहिताना माझी लेखणी कधी अडखळली नाही. ज्याला हा मान देत होतो त्याच्यावर मी मनातून कितीही संतापलेलो असलो तरी.

त्या वर्षी संतापाला कारणही सबळ होते. खाडीकाठच्या आमच्या भातशेतीचे रक्षण करणारे बांधातले लाकडी दार, ज्याला आम्ही मानस म्हणतो, कुजले होते. ओहोटीला हे दार पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खारे पाणी अडवते. त्याच्या दोन फळ्या निखळल्या होत्या. श्रावण अर्धा सरला होता, भात गुडघाभर उभे होते. पेंढा आणि चिखल कोंबून आम्ही भगदाड बुजवले होते. परंतु अमावास्येच्या उधाणापुढे तो चिखल टिकणार नव्हता, आणि एकदा खारे पाणी आत शिरले की गावाचे वर्षाचे भात संपले. दार आम्हीच दुरुस्त केले असते. पण बांध सरकारी खात्याच्या ताब्यात होता आणि परवानगीविना त्याला हात लावल्यास खटला भरू, असे त्याच खात्याचे पत्र होते. दार दुरुस्त करायचे नाही आणि करूही द्यायचे नाही, याला कोणत्या कायद्यात आधार आहे, ते मला आजतागायत कोणी दाखवलेले नाही.

मी सात पत्रे पाठवली. सातही वेळा उत्तर आले की आपले पत्र ‘रिसीव्हिंग अटेन्शन’ आहे. अखेर मी स्वतः कचेरीत गेलो. अभियंता दक्षिणेकडून आलेला, तरुण, मराठी वा कोकणी न कळणारा. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “दि अंडरसाइन्ड बेग्ज टू स्टेट...” हा ‘खाली सही करणारा’ कोण, म्हणून त्याने गोंधळून मेजावरच्या कागदांत सही शोधली. मग तो भरभर काही बोलला, त्यातले एक अक्षर मला कळले नाही. परतल्यावर बांधावर सगळ्यांनी विचारले, “काय म्हणाला साहेब?” सात पत्रांचा लेखक खाली वाकून भगदाडात पेंढा कोंबू लागला.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकांकडे गेलो. काकांनी तीस वर्षे परदेशी बोटींवर स्वयंपाकी म्हणून काढली होती. त्यांना सहीसुद्धा करता येत नसे. पण इंग्रजी ते कांदा चिरावा तसे सहज बोलत.

“वकिला,” मला ते असेच डिवचत, “तुझा इंग्लिश कागदार बरा. पण त्येनी च्या मागूक येवची नाय.”

“काका, मला चहा नको, दार हवे आहे.”

“आधी च्या माग. मगे दार.”

कागद आणि पेन्सिल त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. घरातली एकेक वस्तू ते उचलत: कुलेर म्हणजे स्पून, जनेल म्हणजे विंडो, कदेल म्हणजे चेअर. पोर्तुगीज सत्ता गेली, तिची नावे आमच्या घरात राहिली होती, आणि त्यांच्यावर आता मी नवी नावे चढवत होतो. घरीही माझा घोष चालू असे. शेवटी पत्नी म्हणाली, “अहो, त्या कदेलीला किती वेळा चेअर म्हणाल? बसा आता तिच्यावर.”

आठ दिवसांनी, एका शुक्रवारी, मी पुन्हा कचेरीत उभा राहिलो. “गुड मॉर्निंग, सर. गेट इज ब्रोकन. सॉल्ट वॉटर इज कमिंग. प्लीज कम अँड सी.” साहेबाला सगळे कळले. तो उठला आणि म्हणाला, “ऑल राइट. आय विल सी यू ऑन मंडे.”

या वेळी प्रत्येक शब्द मलाही कळला. मी तुला सोमवारी बघून घेईन! भर कचेरीत, कारकुनांच्या देखत, एका नागरिकाला धमकी! मी मेजावर मूठ आपटली. “यू विल सी मी? आय विल सी यू इन कोर्ट!” एवढे बोलून मी बाहेर पडलो.

घरी येऊन तक्रार लिहिली, वरिष्ठांना, तीन प्रतींत. टपालात टाकण्यापूर्वी अभिमानाने काकांना वाचून दाखवली. काका हसता हसता ओट्यावर आडवे झाले.

“अरे खुळ्या, ही धमकी नाय! सोमवारी येतंय, भेटतंय, असा म्हणता तो. आणि बघूक तूच बोलवलंस मा? कम अँड सी!”

हसणे थांबल्यावर त्यांनी बोटांवर तिथी मोजली. सोमवारनंतर चौथ्या दिवशी अमावास्या होती. ज्याच्यावर मी मूठ आपटली तो माणूस आता का येईल? मी तिन्ही प्रती फाडल्या. चूक माझी होती, आणि तिची किंमत गावाचे भात देणार होते. त्या दोन दिवसांत काकांनी माझ्याकडून एकच शब्द घोकून घेतला, जो माझ्या पुस्तकात नव्हता.

श्रावणी सोमवार. उपाशीपोटी मी सकाळपासून बांधावर उभा. दहाच्या सुमारास जीप आली, मागे फळ्या आणि दोन सुतार. साहेब उतरला, चेहरा गंभीर.

मी म्हणालो, “सॉरी, सर. आय अंडरस्टूड यू इन मराठी.”

मग काकांच्या मदतीने अर्थ समजावला. तो हसला. त्याच्या भाषेतही ‘बघून घेतो’ ही धमकीच होती, असे त्याने सांगितले. म्हणूनच माझ्या संतापाचा उलगडा त्याला लगेच झाला.

दुपारपर्यंत दार बसले. संध्याकाळी भरती चढली, बाहेरचे पाणी फळ्यांवर आपटले. मी आतल्या बाजूला वाकून बोट बुडवले आणि चाखले. पाणी गोडे होते.

जीपमध्ये बसताना साहेबाने हात वर केला. “सी यू!”

“सी यू, सर!” मी साऱ्या बांधाला ऐकू जाईल असे ओरडलो.

मागून काकांचा आवाज आला, “वकिला, साहेबाक धमकी दिलंस! साक्षीदार मी आसंय!”