सीलबंद हेड आणि ठाण्यातला सौदा

ही घटना मी अजून विसरलेलो नाही. विसरायचं म्हटलं तरी आमची ही विसरू देत नाही. घरी पाहुणे आले की चहाचं आधण ठेवतानाच ती त्यांना सांगते, "यांना ते हेडचं विचारा." लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच लिहून टाकलेलं बरं. नावं कोणाचीच देत नाही. माझं द्यायला हरकत नव्हती, पण खात्याच्या अब्रूचाही विचार करायला हवा.

मी तेव्हा जळगावातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून डायरी बघत होतो, तेवढ्यात एका ट्रॅक्टरने एक बंद पडलेला ट्रक ओढत ठाण्याच्या आवारात आणून सोडला. ट्रकच्या केबिनमधून साठीच्या एक बाई उतरल्या. सावद्याच्या. नवऱ्यामागे केळीच्या वाहतुकीचा धंदा त्या एकट्या सांभाळत होत्या, आणि धंदा म्हणजे हा एकच ट्रक. त्यांना सगळे अक्का म्हणत.

"साहेब, मले फसवलं," त्या म्हणाल्या. "नवं म्हनून जुनं हेड देलं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हेड म्हणजे इंजिनावर बोल्टांनी आवळलेला ओतीव लोखंडाचा जड ठोकळा. तो तडकला की गाडी जागची हलत नाही. मग मालकापुढे दोन वाटा. नवं हेड घ्यायचं, तर अक्कांच्या गाडीचं तेव्हा तीस हजारांच्या घरात जायचं. नाहीतर तडकलेलंच कारागिराकडे देऊन वेल्डिंग करायचं, व्हॉल्व्हच्या सीटा बदलायच्या, घासून सपाट करून घ्यायचं, म्हणजेच रिबिल्ट. ते काम दहा-अकरा हजारांत व्हायचं. हंगामात धोका नको म्हणून अक्कांनी नवं घेतलं होतं आणि आपलं तडकलेलं हेड दुकानदाराकडेच भंगारात जमा केलं होतं. नवं हेड पहिल्याच लांबच्या खेपेला तडकलं. मेकॅनिकने वरचा रंग खरवडला, तर खाली जुन्या वेल्डिंगची रेघ.

त्या आठवड्यात त्यांच्या व्यापाऱ्याची केळी कापायची होती. गाडी तोवर चालू झाली नाही तर तो दुसऱ्याची गाडी लावणार. आणि एकदा दुसऱ्याची लागली की अक्कांची कायमची सुटणार.

मी फिर्याद घेतली. दोन पंच बोलावले. हेड गाडीवरून उतरवलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, सुतळी बांधली, लाख वितळवली आणि सहीचं लेबल लावून सील केलं. पंचनामा तर असा देखणा झाला की मी तो दोनदा वाचला. हेड मुद्देमालाच्या खोलीत गेलं. मी समाधानाने अक्कांना म्हणालो, "आता निर्धास्त घरी जा."

"कशी जाऊ?" अक्का म्हणाल्या. "गाडी बिनहेडाची करून ठेवली तुमी."

आमचे एक जुने हवालदार शेजारीच होते, त्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. नवं हेड घ्यायला बाईंकडे पैसा नव्हता, आणि फुटकं का होईना, जे होतं ते मी सरकारजमा केलं होतं. न्यायालयाच्या परवानगीशिवाय आता त्याला मलाही हात लावता येत नव्हता. दुकानदाराने फसवलं होतं हे खरं, पण आता गाडी दुरुस्त करायचीही वाट मी लाखेने बंद केली होती.

अक्का घरी गेल्याच नाहीत. दिवसभर ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायच्या, मुक्कामाला पिंप्राळ्यात भाचीकडे जायच्या आणि सकाळी हजेरीच्या आत पुन्हा बाकावर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "माही गाडी साहेबांनी अटक केली."

आम्ही दुकानदाराला बोलावलं. गोड बोलणारा, गंध लावलेला माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं: "मी नवंच दिलं साहेब. यांच्या मेकॅनिकने नंतर वेल्डिंग केलं असेल, त्याला मी काय करू?" बिल नव्याचं होतं. जबाब घेऊन त्याला सोडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमचा एक खबऱ्या रद्दीच्या धंद्यात होता. तो म्हणाला, "साहेब, तो दुकानदार गॅरेजवाल्यांकडून नव्या हेडची रिकामी खोकी विकत घेतो. स्टिकर फाटलेलं असेल तर घेत नाही."

रिकाम्या खोक्याला भाव देणारा माणूस आत काय भरतो, हे कळायला मोठा अधिकारी लागत नाही. पण मी लगेच फार पुढचा विचार केला. माल धुळ्याहून येतो असं खबऱ्याने सांगितल्यावर मी मनात टोळी उभी केली, तिला एक म्होरक्याही दिला, आणि दोन गाड्या भरून कर्मचारी घेऊन धुळ्याला निघालो. वाटेत छाप्याच्या सूचनाही दिल्या. कोणी मागच्या दाराने पळता कामा नये, वगैरे.

म्होरक्या निघाले एका छोट्या वर्कशॉपचे सत्तरीचे मालक, सगळे त्यांना नाना म्हणत. वर्कशॉपला मागचं दार नव्हतंच. आमच्या दोन गाड्या बघून नाना हात पुसत पुढे आले आणि खुशीत म्हणाले, "दोन्ही गाड्यांचं काम शे का साहेब?"

मी करडा आवाज काढला. "तुम्ही जुनी हेडं नव्यासारखी करता?"

"करस ना."

"किती वर्षांपासून?"

"मना बाप करे, तवय पासून."

एवढ्या झटपट कबुली मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. मी हवालदारांना लिहून घ्यायला सांगितलं. ते पेन न काढता दारावरच्या पाटीकडे बघत राहिले. पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: येथे सर्व गाड्यांचे हेड रिबिल्ट करून मिळतील.

"हाई तर मना धंदा शे," नाना म्हणाले. "त्यामा लपाडानं काय शे?"

त्यांनी चहा मागवला. आम्ही सगळे, छाप्याच्या सूचनांसकट, चहा प्यालो. नाना त्या दुकानदाराला रिबिल्ट हेडं पुरवायचे, पण रिबिल्ट म्हणून, तसं बिल करून. पुढे तो काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी विचारलं, अक्कांना विकलेलं हेड तुमच्याकडचं आहे का? ते म्हणाले, दाखवा, हात लावला की सांगतो. आता दाखवणार कुठून? ते मी सीलबंद केलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुकानदाराला पुन्हा बसवलं. मी माझी सगळी शस्त्रं वापरली. टेबलावर हात आपटला, गप्प बसून डोळ्यांत बघितलं, खोक्यांचं विचारलं. "पॅकिंगला लागतात," तो म्हणाला. "नानांचा माल मी जुना म्हणूनच विकतो. अक्कांना दिलं ते नवं होतं." दोन तासांनी माझा घसा बसला. त्याचं गंधही पुसलं नव्हतं.

मी पाणी प्यायला उठणार, तेवढ्यात अक्का आत आल्या आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"भाऊ, जे झालं ते झालं. व्यापाऱ्याचा फोन आला, उद्यापर्यंतच वाट पाहील म्हने. मले दुसरं हेड दे. तसलंच. भाव बोल."

मी म्हणणार होतो की अक्का, हे पोलीस ठाणं आहे, बाजार नव्हे. शेजारी जबाब लिहायला बसलेल्या हवालदारांनी माझा पाय बुटाने दाबला. मला वाटलं चुकून. मी पाय काढून घेतला. त्यांनी पुन्हा दाबला.

"तसलंच एक पडलंय दुकानात," दुकानदार म्हणाला. दोन तासांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला. "तुमच्यासाठी पंचवीस."

"बारा."

"अक्का, काहीतरीच काय. नव्याचा भाव माहीत आहे ना?"

"माहीत हाये म्हनून तं बारा सांगते."

"बावीस. साहेबांसमोर बोलतोय."

"साहेबांले काय कयते हेडातलं," अक्का म्हणाल्या. ते मात्र खरं होतं.

तो अठरावर आला. अक्का उठल्या आणि दारापर्यंत गेल्या. ठाण्याच्या दारातून निघून त्या बाकावरच बसणार होत्या, हे त्यालाही दिसत होतं. पण गिऱ्हाईक उठलं की दुकानदाराला राहवत नाही. "अक्का, बसा तर. सोळा."

"तेरा."

"चौदाच्या खाली एक रुपया नाही. मलाच धुळ्याहून अकराला पडतं. वर रंगाचा आणि खोक्याचा खर्च वेगळा."

मग हवालदारांनी माझ्या बुटावरून आपला बूट काढला आणि शांतपणे पेन उघडलं. "रंगाचा आणि खोक्याचा," लिहिता लिहिता ते म्हणाले. "पुढं सांगा."

दुकानदाराने एकदा माझ्याकडे, एकदा अक्कांकडे बघितलं आणि रुमालाने कपाळ पुसलं. गंध गेलं. झडतीत त्याच्या गोदामात रंगवलेली हेडं आणि खोक्यांची चळत सापडली. पुढची साखळी त्यानेच सांगितली. गिऱ्हाइकाचं तडकलेलं हेड भंगारात जमा करून घ्यायचं, नानांकडून दुरुस्त करून आणायचं, रंग देऊन खोक्यात घालायचं आणि पुढच्याला नवं म्हणून विकायचं. अक्कांनी जमा केलेलं हेडसुद्धा नानांकडेच गेलं होतं.

मी धुळ्याला फोन लावला. नाना म्हणाले, सावद्याचं ना, त्यावर खडूने तसं लिहिलेलं आहे, काम पूर्ण झालंय. या वेळी मी लाखेच्या पुडीकडे बघितलंही नाही. फोटो काढले, कागद केले आणि दुपारी स्वतः न्यायालयात उभा राहिलो. परवानगी मिळाली आणि अक्कांचं हेड सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितलं की हजर करायच्या हमीवर, अक्कांना परत मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ते घेऊन आले आणि आवारातच बसवायला लागले. अर्धं ठाणं भोवती उभं होतं. मजुरी विचारली तर म्हणाले, "मनं काम मना नावावर इकाई जाऊ दे, एवढंच माले पाहिजे." म्हणजे रिबिल्ट हे रिबिल्ट म्हणूनच विकलं जावं. इंजिन सुरू झालं तेव्हा काळ्या धुराचा लोट थेट माझ्या केबिनमध्ये शिरला, आणि बाहेर पोलिसांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी अक्कांनी व्यापाऱ्याची केळी भरली. व्यापारी टिकला. ते हेड पुढे कित्येक हंगाम चाललं.

चौकशीबद्दल मी बरीच प्रशिक्षणं घेतली आणि दिलीसुद्धा. पण त्या खुर्चीत मला जे कळलं ते कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. दडवलेली गोष्ट माणूस जपून बोलतो, रोजचा धंदा मात्र बेसावधपणे करतो. त्याला त्याचा धंदा करू द्यावा आणि आपण गप्प राहावं. मला गप्प राहायला हवालदारांचा बूट लागला, एवढाच फरक. आणि रिबिल्ट मालाबद्दल माझा राग तेव्हाच गेला. दुरुस्त केलेल्या वस्तूत खोट नसते, ती लपवून विकण्यात असते.

ट्रक फाटकातून निघताना मी अक्कांना विचारलं, "आता पुढच्या वेळी काय घेणार, नवं की रिबिल्ट?"

त्यांनी केबिनमधून खाली वाकून माझ्याकडे बघितलं.

"काईबी घेईल साहेब. पन तुमच्या ठान्यात बसूनच घेईल. भाव इथंच चांगला लागते."