कलपाचा डाग

देवाने बाकीच्यांना संसार करायला पाठवलं आणि आमच्या मावसाजींना त्या संसारावरचे डाग काढायला. नागपुरात सदरला एका कचेरीत ते कारकून होते, पण ती आपली पोटापाण्याची सोय. खरा माणूस दिसायचा तो संध्याकाळी, गालिच्यावर ओणवा झालेला, हातात कापसाचा बोळा आणि नाक डागाला टेकलेलं. लिपस्टिकला ग्लिसरीन, नेलपॉलिशला थिनर, कलपाला मीठ-लिंबू, अशी प्रत्येकाची शिक्षा ठरलेली. घासायचं नाही, टिपायचं, हा गुरुमंत्र. "घासलं का डाग आत पळते गा. त्याले गोडीगुलाबीनं बाहेर बोलवा लागते," असं ते मला सांगत आणि खरोखरच डागाशी हळू आवाजात बोलत. एकदा मावशीला हळदीकुंकवाला पोहोचवायला म्हणून एका ओळखीच्या घरी गेले, तर सोफ्यावर सांडलेलं कुंकू पाहून बाह्या सारून तिथेच बसले. बायका आपापल्या घरी गेल्या, मावशीसुद्धा रिक्षा करून परत आली, हे तिथेच. डाग निघाला, सोबत सोफ्याचा रंगही निघाला. "पण डाग राहिला का कुठं?" असं वर त्या घरच्या बाईंनाच विचारून आले. अशा घरात त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, कुंदाला, नखं रंगवायची मुभा होती ती फक्त मोरीत बसून.

त्या कुंदाला पाहायला मंडळी आली ती ऐन मे महिन्यात. पारशिवनीकडचं शेतीवाडीचं घर, मुलगा नागपूरजवळच्या वाडी गावी एका गोदामात मॅनेजर. मुलाला तिनं मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं आणि हेच स्थळ व्हावं असं मावशीजवळ बोलूनही दाखवलं होतं. मावसाजींनी सोफ्याची कव्हरं धुऊन दुधासारखी केली होती. मुलाच्या वडिलांनी मात्र पाहुणे म्हणून जायचं तर रुबाबात जावं, या विचारानं सकाळीच केसांना सढळ हातानं कलप फासला होता. उन्हातून आले, घामाघूम झाले आणि सोफ्याच्या पाठीवर डोकं टेकून निवांत बसले. मानेमागे काळं पसरायला लागलेलं पहिल्यांदा कोणी पाहिलं असेल, हे सांगायला नकोच.

"मागं उशी देऊ का जी?" मावसाजींनी विचारलं.

"राहू द्या जी, मस्त टेकून राहिलो," म्हणत पाहुणे आणखी रेलले. डाग वीतभर झाला. कलप वाळला की जन्माचा चिकटतो. मावसाजींची बोटं मांडीवर आपोआप टिपायला लागली. शेवटी ते आत गेले आणि मीठ-लिंबाची वाटी आणि कापूस घेऊन थेट पाहुण्यांच्या पाठीमागे येऊन वाकले. बैठकीतल्या गप्पा थांबल्या. पोह्यांच्या बशा घेऊन कुंदा दारातच थबकली. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"मागं काय करून राहिले जी तुम्ही?" पाहुण्यांनी मान वळवली.

मावसाजींनी डागाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. कापूस खिशात गेला. पाण्याच्या पेल्यात त्यांनी वाटी उपडी केली.

"सरबत जी. ऊन लय आहे."

पाहुण्यांनी एका दमात पेला रिकामा केला. "जिथं बाप सोता सरबत करून आणते, तिथल्या पोरीले नाही कसं म्हणाव?" म्हणाले. कव्हर पुढे फेकावंच लागलं. मावसाजींच्या उभ्या आयुष्यातली ती एकमेव हार, आणि मला तरी त्या दिवशी ते फार मोठे वाटले.

कुंदा सासरी गेल्यावर एका रविवारी मी गेलो, तर ते सोफ्यावर नुसतेच बसलेले.

"काहून मावसाजी, आज सुट्टी का?"

"काही सांडतच नाही गा आता. सारं साफ आहे." सोफ्याच्या कव्हरावरून हात फिरवत म्हणाले, "घर खायले उठते."

मावशीनं चहा आणला, तेव्हा मी बशी कलती करून थोडा चहा मुद्दाम गालिच्यावर सांडला. मावसाजींचं लक्षच नव्हतं. ते दाराकडे बघत होते.