मनाचा मण

त्या सकाळी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा ठेवला, विसरले, भांडं करपलं. तानपुरा जुळवला, उतरवला, परत जुळवला. अकरा वाजता माझ्या विद्यार्थिनीचं गाणं भोपाळकडच्या एका गुरुकुलातले बुजुर्ग व्हिडिओ कॉलवर ऐकणार होते. पसंत पडलं तर ती तिथंच राहून शिकणार. नाही पडलं तर वडील तिला नर्सिंगला घालणार, हे ठरलेलंच होतं.

मी तुमसरला ध्रुपद शिकवते. म्हणजे ख्यालाच्याही आधीचं गाणं: एकेका सुरावर मुक्काम करत सावकाश चालणारा आलाप आणि मग पद. इथं त्याला गिऱ्हाईक नाही. एक पालक अर्धा तास आलाप ऐकून मला म्हणाले होते, "मॅडम, गाना कवा सुरू होईन?" बाकीच्या मुली स्नेहसंमेलनापुरत्या येतात आणि ते उरकलं की गायब. टिकली ती एकच, जवळच्या चिखला गावातल्या खाणकामगाराची ही पोर. त्यामुळे खरं सांगते, तिची निवड व्हावी असं मला वाटत होतं आणि होऊ नये असंही. बसवत नव्हतं, म्हणून घरभर येरझारा घालत होते.

तिचं एकच दुखणं होतं. शाळेत कुणीतरी तिच्या 'पानी'ला हसलं होतं. तेव्हापासून तिनं 'ण'चा असा धसका घेतला की नको तिथंही 'ण' घाली. ध्रुपदाची पदं ब्रजभाषेतली. तिथं 'चरण'सुद्धा 'चरन' होतो. आणि ही चक्क 'मन'चा 'मण' करायची.

"अवं बाई, धान मोजून राहिली काय? मन म्हन, मन!" मी चिडवायची. ती हसायची आणि पुन्हा मण.

ती वेळेवर आली आणि कॉल लागला. खालचा षड्ज तिनं असा धरला की पडद्यावरच्या बुजुर्गांनी डोळे मिटले. मग पद सुरू झालं आणि पहिल्याच ओळीत मण. एक जण हसले. वाईट नव्हते हसले, पण पोर थांबली. ताल देणारा हातही मांडीवर पडून राहिला.

मला मध्ये बोलायची मुभा नव्हती. तरी बोललेच. "घरी मायसंग कशी बोलते? तशीच गा."

ती गायली. मन. मोकळा, घरचा 'न'. कुणी न सांगता तिनं ती ओळ पुन्हा घेतली आणि मग पुढं निघाली.

"अगले महीने आ जाओ, बेटी," त्यांतले एक बुजुर्ग म्हणाले.

ती नाचलीच. आधी बापाला फोन, मग मावशीला. मी पेढे आणायला धावले आणि दुकानात उभी राहिल्यावर कळेना, आपल्याला आनंद झालाय की दुःख. दोन्ही झालं होतं.

संध्याकाळी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. खिडकीतून वाकून ती म्हणाली, "मॅडम, मी गेल्यावर तुमी कोनाले शिकवान?"

"येतीन ना पोरी. बहुत येतीन."

तिला ते खरं वाटलं. बस वळेपर्यंत ती हसत हात हलवत होती. मी मात्र स्टँडवरच घुटमळत राहिले, कारण पुढच्या महिन्यात ती गेली की घरी शिकवायला कुणी उरणार नव्हतं.