वडिलांच्या हातचा क्रूस

चर्चच्या अंगणात सुकलेल्या झावळ्या जाळल्याचा वास आला, आणि सत्तर वर्षांपूर्वीची अंबरनाथची आमची खोली आठवली.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी वडिलांनी झावळीची पात वळून केलेला क्रूस भिंतीवर होता. पावसाळ्यात ते वारले. पुढच्या उपवासकाळाआधी, जाळून कपाळाला लावायची राख करण्यासाठी जुने क्रूस चर्चमध्ये गोळा होत होते. मी नऊ वर्षांची, कुणाला न विचारता तोही देऊन आले.

"त्यांच्या हातचा तेवढाच होता गं," एवढंच आई म्हणाली.

राखेच्या बुधवारी फादरांनी त्याच राखेनं तिच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. तिनं तोंड धुतलंच नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे घामानं सगळी राख ओघळली.

"आहे ना गं अजून?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

आजही फादरांचं बोट कपाळाला टेकतं, तेव्हा डोळे मिटून मी तेच खोटं पुन्हा बोलते.