वाढत्या मापाचे बूट

पावसाळा तोंडावर आला, की लोणावळ्यातल्या माझ्या दुकानात कार्ल्याचे एक आबा येतात. परदेशातल्या नातीला लोहगड दाखवायचाय, म्हणून तिच्यासाठी बूट हवे असतात. बूट हातात आला, की आबा आधी त्याचा तळ वाकवून बघतात, मग आत मूठ घालून चाचपतात. “पोरीचा पाय वाढता हाय. जरा सैलच द्या.” मी एक नंबर मोठा देतो.

पुढच्या वर्षी तेच बूट पिशवीतून परत येतात. तळाला मातीचा कण नसतो, किमतीची चिठ्ठीही तशीच लोंबत असते. “गेल्या साली जमलं न्हाई तिला. औंदा येतीय. आता हे लहान पडतील,” म्हणत ते मोठा जोड मागतात. मीही काही न विचारता बदलून देतो.

यंदा मात्र मला सांगावं लागलं, “आबा, लहान मुलांची मापं इथंच संपली. आता बायकांच्या मापाचे बघू या.”

आबांची मूठ बुटातच राहिली. म्हणाले, “आसं कसं? आजून माझं बोट धरून चढायचीय ती.”